डेलावेरचा त्याग

नाही, पण मला एक सांगा, टोपी घालून कुणी खरं बोलतं का हो? आणि साधी टोपी नव्हे... तीन कोनांची, काळी, कडेला सोनेरी फीत, सतराशे सत्त्याऐंशी सालची! म्हणजे तशी पार्टीच्या सामानाच्या दुकानातली, पण घालणारा माणूस कोण? आमचे शिक्षणाधिकारी लुडकीसाहेब! अख्ख्या जिल्ह्यातल्या शाळा ज्यांच्या शब्दावर चालतात असा माणूस डोक्यावर तिकोनी टोपी चढवून, हातात लाकडी हातोडा घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, "कुबिचेक, अमेरिकेच्या इतिहासाची जागा यापुढे एकच!" तुम्ही काय समजाल? मी समजलो तेच समजाल ना? मग चूक कुणाची? बायको म्हणते, तुझी. बायकोचं जाऊ द्या, तिला ती टोपी बघायला मिळाली नाही.

बरं, पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा. मी ड्वेन कुबिचेक. ब्रॅडिशच्या शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवतो... शिकवायचो... थांबा, ते पुढे येईल. जोडीला कुस्तीचा कोच, कारण आमच्या नेब्रास्कात नुसता इतिहास शिकवायला कुणी ठेवून घेत नाही, इतिहासाच्या मास्तराच्या गळ्यात एक शिट्टी असावीच लागते. पंचवीसेक वर्षं झाली. तीच खोली, तोच फळा. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या बंदरात चहा बुडवायला घ्यायचा आणि मे महिना उजाडेस्तोवर यादवी युद्ध संपवायचं. दरवर्षी वाटतं, यंदा काही युद्ध संपत नाही, आणि दरवर्षी सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मी जनरल लोकांना धावतपळत शरणागतीला नेऊन बसवतो. पण काय मजा असते म्हणून सांगू!

आणि आमच्यापासून बारा मैलांवर ओटिस क्रीक. तिथे हेच काम करणाऱ्या लोरेटा ओस्टरगार्ड. बाई हुशार, मी नाही म्हणत नाही. पण काय ती शिस्त! भिंतीवर सगळे राष्ट्राध्यक्ष एका ओळीत, एकाचीही चौकट वाकडी नाही. माझ्या भिंतीवरचा लिंकन ऑक्टोबरात पडला तो अजून कपाटामागे आहे. बाई दर वर्षी युद्ध एप्रिलमध्येच संपवतात आणि वर मला भेटल्यावर विचारतात, "काय कुबिचेक सर, गेटिसबर्गपर्यंत तरी आलात का?" असं गोड हसून विचारतात, की माणसाला वाटावं, आपणच ती लढाई हरलो.

तर झालं काय, दोन्ही गावांत पोरं कमी झाली. पोरं कमी झाली म्हणून दोन शाळांची एक करायची, अशी कुजबुज गेल्या हिवाळ्यापासून. एक झाल्यावर खेळाच्या संघाचं नाव काय ठेवायचं, आमचे लांडगे की त्यांचे गवे, यावर सभांवर सभा! सख्खे चुलतभाऊ चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागले. पण इतिहासाचे मास्तर दोन आणि वर्ग एक, त्याचं काय, हे कुणी विचारलं? छे! एवढंच कानावर आलं, की एकाला इतिहास मिळणार आणि दुसऱ्याला सहावीचं आरोग्यशिक्षण. आरोग्यशिक्षण! म्हणजे दात कसे घासावेत आणि मुलांचा आवाज का फुटतो! मी इतिहास सोडून काय आहे हो? घरी माझं कुणी ऐकत नाही, कुस्तीच्या पोरांना माझं ऐकून फायदा होत नाही, त्या एका वर्गात मी बोलायला लागलो की मला मी कुणीतरी आहे असं वाटतं. तो वर्ग गेला तर... मी घाबरलो होतो, सरळ सांगतो.

आणि अशात ते प्रशिक्षण! शिकवण्याचा परवाना चालू ठेवायचा तर उन्हाळ्यात प्रशिक्षणाचे तास भरावेच लागतात, सुटका नाही. ठिकाण कुठलं? ओटिस क्रीकच्या शाळेचं वाचनालय. म्हणजे शत्रूच्या गोटातच. जुलै महिना, बाहेर मक्याची कणसं जागच्या जागी भाजून निघतील असं ऊन. काउंटीतले सगळे इतिहासाचे मास्तर आणि मास्तरणी लहान पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. आणि समोर केंड्रा. राजधानीहून आलेली प्रशिक्षिका. वय माझ्या मुलीएवढं, उत्साह गावच्या जत्रेएवढा.

केंड्रा म्हणाली, "मित्रांनो, सुरुवातीला प्रत्येकाने सांगायचं, आज तुम्ही कोणतं हवामान आहात?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, अंशतः ढगाळ. ओस्टरगार्ड बाई म्हणाल्या, "स्वच्छ सूर्यप्रकाश." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एकट्यालाच केंड्राने विचारलं, "ड्वेन, हे ढग कशाचे, सांगशील का?" मी म्हटलं, नको, वाऱ्याने जातील.

मग ती म्हणाली, "आज आपण इतिहास शिकणार नाही. आज आपण इतिहास जगणार आहोत!" मी खुर्ची दाराकडे सरकवली. कारण इतिहासात लोक कसे जगले ते आम्ही पोटासाठी शिकवतो, आम्हाला माहीत आहे, फारसे जगत नव्हते. तर म्हणे, हे वाचनालय म्हणजे फिलाडेल्फिया. साल सतराशे सत्त्याऐंशी. तुम्ही सगळे संविधान लिहायला जमलेले राज्याराज्यांचे प्रतिनिधी. "आणि आता नीट ऐका," केंड्रा म्हणाली, "एकदा सुरू झालं की खोलीत जे जे घडेल ते सगळं त्यातलंच धरून चालायचं. तुमच्या गावातले, शाळेतले खरेखुरे वाद आले तरी हरकत नाही, तोच कच्चा माल! कुठलं मुद्दाम घडवलेलं, कुठलं आपोआप, ते मी सांगणार नाही. शाळेची एकची घंटा होईपर्यंत आपण त्या काळात आहोत."

मी हात वर केला. म्हटलं, "अहो पण प्रशिक्षणातलं कोणतं आणि खरं कोणतं, हे माणसाने ओळखायचं कसं?"

"वा ड्वेन! किती सुंदर प्रश्न!" म्हणाली आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवला. भिंतीवर एक मोठा कागद असतो, त्यावर वाहनतळ काढलेला असतो, तुम्ही काहीही विचारा, तुमचा प्रश्न तिथे नेऊन उभा करतात. मी इतकी प्रशिक्षणं केली, त्या तळावरून एकही प्रश्न कधी बाहेर पडलेला बघितला नाही.

मग पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. ओस्टरगार्ड बाईंना काय? व्हर्जिनिया! सगळ्यात मोठं, सगळ्यात ऐटबाज राज्य. आणि मला? डेलावेर. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं ते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शोभतंय हो तुम्हाला." आता हे प्रशिक्षणातलं की खरं?

तेवढ्यात दार उघडून लुडकीसाहेब आत. तीच ती टोपी! केंड्राने त्यांना सभेचे अध्यक्ष केलं होतं. गंभीर चेहरा करून टेबलावर हातोडा आपटला आणि म्हणाले, "सभ्य स्त्री-पुरुषहो, देशापुढे कठीण काळ आहे." काय आवाज, काय रुबाब! माणूस दर महिन्याच्या बैठकीत शाळेच्या बसच्या टायरबद्दल बोलतो, त्याच्यात एवढं नाटक असेल असं कुणाला वाटलं होतं? आम्ही सगळे खूश. पुन्हा टाळ्या.

मग केंड्राने खिडक्या बंद केल्या. का? तर त्या वेळी बाहेरच्यांनी ऐकू नये म्हणून बंद ठेवल्या होत्या. बरोबर आहे, मीच पोरांना शिकवतो. मग एसी बंद! जुलैत! नेब्रास्कात! पाच मिनिटांत आमच्या अंगाला धारा लागल्या. मी शेजारच्या फर्न बाईंना विचारलं, "एसी बिघडला की हेही प्रशिक्षणातलं?" फर्न बाई वाडीवरच्या चिमुकल्या शाळेत एकट्या सगळे विषय शिकवतात, त्यांना कशाचं नवल वाटत नाही. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता, मी जॉर्जिया आहे."

आणि भांडण कशावरून सुरू झालं? संविधानावरून? नाव नको! जेवणावरून. स्वयंपाकघरातून चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनी रोल आले होते, वास सुटला होता, आणि केंड्रा म्हणाली, रोल कसे वाटायचे यावर ठराव झाल्याशिवाय जेवण नाही. ओस्टरगार्ड बाई उठल्या, "लोकसंख्येनुसार! आमच्या शाळेचे लोक जास्त, आम्हाला रोल जास्त!" मी उठलो, "बाई, राज्य लहान असलं तरी पोट तेवढंच असतं! प्रत्येक राज्याला सारखे!" "तुम्ही तर एकटेच आहात, कुबिचेक सर, एकट्याला एवढे रोल कशाला?" "मी एकटा नाही, मी डेलावेर आहे!" हे मी टेबलावर मूठ आपटून बोललो. एरवी बायकोने भाजी वाढली नाही तरी मी काही बोलत नाही, पण डेलावेर म्हटल्यावर अंगात काय संचारलं कुणास ठाऊक.

या धुमश्चक्रीत न्यूयॉर्कचे दोघं उठले आणि काही न बोलता तडक निघून गेले. आम्ही थक्क! कारण खऱ्या सभेतही न्यूयॉर्कचे दोघं असेच रागावून उठून गेले होते. मी म्हटलं, काय अभ्यास, काय बारकावा! आम्ही उभं राहून त्यांना मानवंदना दिली. ते परत आलेच नाहीत. नंतर कळलं, त्यांच्या मुलीचं डुक्कर जत्रेत बक्षिसाला उभं होतं म्हणून ते घरी गेले.

मग फर्न बाई पडल्या. खुर्चीवरून हळूच सरकत सरकत खाली, खीर सांडावी तशा. आता हे प्रशिक्षणातलं की खरं? केंड्रा हाताची घडी घालून बघत होती. मग आम्ही काय करणार? टाळ्या वाजवल्या! मी तर "वा! वा जॉर्जिया!" असं ओरडलो. फर्न बाई तशाच पडलेल्या. एक डोळा किलकिला करून म्हणाल्या, "मेल्यांनो, पाणी द्या." त्यांना उकाड्याने खरंच भोवळ आली होती हो! मग एकच धावपळ, कुणी लिंबूसरबत आणतंय, कुणी आपल्या राज्याच्या नावाच्या पाटीने वारा घालतंय...

आणि नेमकी त्याच वेळी घंटा झाली. एकची. शाळेची.

आता इथे तुम्ही नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथे आहे. आमच्या वर्गात काय होतं, घंटेचा पहिला टोल पडला की पोरं दप्तरं उचलून दाराकडे. माझं वाक्य अर्धवट, जनरल घोड्यावर अर्धवट चढलेला, आणि पोरं दारात! मग आम्ही मास्तर लोक ओरडतो, "बसा खाली! घंटा तुम्हाला सोडत नाही, मी सोडतो!" हे वाक्य म्हटलं नाही असा एक मास्तर मला या देशात दाखवा. इतकी वर्षं रोज सात-आठ वेळा म्हणून म्हणून माझं असं झालंय, की घंटा माझ्या कानाला लागतच नाही. घंटा झाली म्हणून काही संपतं, हे माझं डोकंच मानत नाही. त्या दिवशीही घंटा झाली, चार जण आळस देत उठले, आणि मी मागून गरजलो, "बसा खाली! घंटा तुम्हाला सोडत नाही!" लोक हसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

तेवढ्यात एसी सुरू झाला. मला वाटलं, फर्न बाईंसाठी. खिडक्या उघडल्या. मला वाटलं, फर्न बाईंसाठी. चिली वाढली, रोल वाटले, मला अर्धा मिळाला, व्हर्जिनियाच्या ताटात दोन. म्हटलं, चालू आहे अजून, भांडण तसंच आहे ना! आणि जेवण होतंय न होतंय तोच लुडकीसाहेब पुन्हा उभे. डोक्यावर काय? टोपी! हातात काय? हातोडा! नंतर मला सांगतात, टक्कल घामाने चिकट झालं होतं, टोपी निघेना. अहो मग तसं सांगायचं ना आधी!

साहेब म्हणाले, "आता एक अवघड विषय. ब्रॅडिश आणि ओटिस क्रीक या दोन शाळा या ऑगस्टपासून एक. आठवीच्या अमेरिकन इतिहासाची जागा एक. दुसऱ्याला सहावीचं आरोग्यशिक्षण. मला दोघंही सारखेच, माझ्या हाताने कुणाला दुखवायचं जिवावर येतं. कुबिचेक, ओस्टरगार्ड बाई, तुम्ही दोघं समजूतदार आहात. तुमचं तुम्ही ठरवलंत तर मी उपकार मानीन."

सगळ्यांनी रोलची साखर चाटायचं थांबवलं. माझ्या मनात काय आलं असेल? मी म्हटलं, शाबास केंड्रा! सकाळीच सांगितलं होतं तिने, गावातले खरे वाद येतील, तोच कच्चा माल! आमच्या पोटातली भीती हिने कुठून हुडकून काढली आणि बरोबर टेबलावर आणून ठेवली. मोठं राज्य, लहान राज्य, एक जागा... तडजोड! हीच तर परीक्षा! मी केंड्राकडे बघितलं. ती एकटक माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत होती. आता सांगतात, ती च्युइंगम चघळत होती.

मी उठलो. हो, उठलो! कोट खाली ओढला आणि म्हटलं, "अध्यक्षमहाराज! डेलावेर लहान आहे. डेलावेर लोकांच्या लक्षातही राहत नाही. पण संघ टिकायचा असेल तर कुणीतरी दोन पावलं मागे सरायला हवं. ही जागा मी व्हर्जिनियाला देतो!"

आता तुम्हाला खरं सांगू? इतिहासात डेलावेरने असलं काही केलेलं नाही. डेलावेर शेवटपर्यंत अडून बसलं होतं! मी स्वतः हा प्रश्न परीक्षेत घालतो! पण मला वाटलं, केंड्राला त्याग आवडेल. आणि एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येत नाही, हा माझा धंदाच आहे. मी ओस्टरगार्ड बाईंकडे वळलो. म्हटलं, "बाई, जागा घ्या, पण एक लक्षात ठेवा. प्रत्येक वर्गात एक पोर असतं, ऑगस्टपासून बाकावर डोकं टेकून झोपलेलं. तुम्ही क्रांती केलीत, तो झोपलेला. संविधान लिहिलंत, तो घोरतोय. मग फेब्रुवारीत एक दिवस, बाहेर बर्फ पडतोय, तुम्ही सहज सांगताय की दोन सख्खे भाऊ होते, एक उत्तरेकडून लढला, एक दक्षिणेकडून... आणि ते पोर डोकं वर काढतं आणि विचारतं, 'मग त्यांच्या आईने काय केलं?' बाई, तुम्हाला उत्तर माहीत नसतं. कुठल्याच पुस्तकात नसतं. पण त्या एका प्रश्नावर माणूस पुढची दहा वर्षं शिकवतो. तो प्रश्न आला, की त्याला घाईने उत्तर देऊ नका. त्याच्यासाठी थांबा. युद्ध संपलं नाही तरी चालेल."

बसलो मी. आणि काय टाळ्या हो! फर्न बाई ओला रुमाल कपाळावर धरून उभ्या राहिल्या. ओस्टरगार्ड बाई रडत होत्या, खरोखर रडत होत्या, नाक लाल! मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "बाई, काय अभिनय करता हो!" त्या आणखीच रडल्या. लुडकीसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "कुबिचेक, इतक्या वर्षांच्या नोकरीत असा दिलदार माणूस मी बघितला नाही. आजच शाळांच्या बोर्डाला कळवतो." मी म्हटलं, "कळवा, कळवा, अध्यक्षमहाराज!" आणि त्यांना डोळा मारला. डोळा मारला हो मी! आपल्या फाशीच्या दोराला गाठ नीट बसली का ते बघावं आणि वर शाबासकी द्यावी, तसं झालं ते.

मग काय, केंड्रा कधी सोडते याची मी आपला वाट बघत बसलो. लोक निघायला लागले. केंड्रा भिंतीवरचे कागद गुंडाळायला लागली. मी जवळ जाऊन विचारलं, "मग? सतराशे सत्त्याऐंशी कधी संपवणार?"

"म्हणजे?" म्हणाली, "ते तर एकच्या घंटेला संपलं ना? बाई पडल्या तेव्हाच."

"आणि लुडकीसाहेबांचं? जागेचं?"

"ते तुमच्या जिल्ह्याचं होतं, माझं नाही. त्यांनी फक्त पाच मिनिटं मागून घेतली. ड्वेन, मी किती प्रशिक्षणं घेते, पण इतकं खरं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला!"

माझ्याही आला. मी धावलो! गाड्या लावायच्या जागेपर्यंत, या वयात, पोटात चिली घेऊन! लुडकीसाहेब गाडीत बसत होते, टोपी तशीच, छताला टेकलेली. मी खिडकी धरली, "साहेब, साहेब, ते मी डेलावेर म्हणून बोललो! मला जागा सोडायची नाही! मला इतिहास हवाय!" साहेबांनी मागे वळून सगळ्यांना हाक मारली, "बघा, बघा! हा अजून भूमिकेतून बाहेर आला नाही!" आणि काउंटीतले सगळे मास्तर पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. मी ओरडतोय, "अहो आता मी खरं बोलतोय!" आणि फर्न बाई म्हणतात, "वा! वा डेलावेर!" आता तुम्ही सांगा, मी खोटं बोललो ते खरं, आणि खरं बोललो ते नाटक... मग माणसाने बोलायचं काय?

घरी गेलो तर जोलीन, म्हणजे आमची बायको, दारातच उभी. आमच्याकडे बातमी गाडीपेक्षा जोरात धावते. "अरे ड्वेन, तू इतिहास देऊन टाकलास म्हणे? त्या ओस्टरगार्डला? पंचवीस वर्षं सुट्टीत समुद्रावर नेलं नाहीस, लढायांच्या मैदानांवर उन्हात उभं केलंस मला, आणि तिला फुकट देऊन आलास?" मी म्हटलं, अगं, मला वाटलं, ते प्रशिक्षणातलं आहे. तर म्हणते, "आणि आपलं लग्न? ते कशातलं वाटलं होतं तुला?" मी आपला हात धुऊन जेवायला बसलो.

बोर्डाचा ठराव झाला. एकमताने! कुणीही, कधीही, कुठल्याही गोष्टीवर एकमत न झालेला आमचा बोर्ड, लांडगे की गवे यावर सहा महिने भांडलेला, माझ्या त्यागावर मात्र एकमत. स्थानिक पेपरात माझा फोटो. दुकानात गेलो तर लोक पाठ थोपटतात, "ड्वेन, तुझ्यासारखी माणसं हवीत." मी दर वेळी तोंड उघडतो, की बाबांनो, चूक झाली... आणि त्यांचे ते ओले डोळे बघून मिटतो. एकदा थोर ठरलं की माणसाला माघार घेता येत नाही, हे मी त्यांना नीट शिकवलं होतं ना, मुलांना, त्यांच्या आईबापांना, अख्ख्या गावाला.

ऑगस्ट आला. नव्या शाळेत मला खोली मिळाली, भिंतीवर मोठ्या दाताचं चित्र, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा. मी आपला सहावीच्या पोरांना हात कसे धुवायचे ते सांगतोय, वीस सेकंद, बोटांच्या मधूनसुद्धा... आणि शेजारच्या खोलीतून ओस्टरगार्ड बाईंचा आवाज येतो. चहा बुडवतायत. चांगला बुडवतात हो. ऐकवत नाही. त्या दिवशी माझे हात साबणात आणि डोळ्यांत पाणी, पोरं म्हणाली, सर, साबण गेला का डोळ्यात? म्हटलं, हो.

आणि परवा बाई आल्या माझ्या खोलीत. हातात रूबार्बची पाई, म्हणजे आंबट देठं भरून भाजलेली गोड जाड पोळी. टेबलावर ठेवली, सांगाड्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि रुमालाची घडी घालत राहिल्या. मला वाटलं, चूक कळली यांना. आता म्हणतील, कुबिचेक सर, घ्या तुमची जागा परत. मी मनातल्या मनात लिंकन भिंतीवर लावलासुद्धा!

बाई म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी निवृत्ती घ्यायला आले होते."

मी म्हटलं, "काय घ्यायला?"

"निवृत्ती. कंटाळले होते हो. दरवर्षी तेच युद्ध, एप्रिलमध्ये संपवायचं. ॲरिझोनात घर बघून ठेवलं होतं, नवऱ्याने होडी घेतली होती. जेवण झालं की लुडकीसाहेबांना सांगणार, जागा कुबिचेक सरांनाच द्या म्हणून. तेवढ्यात तुम्ही उठलात, आणि ते झोपलेल्या पोराचं बोललात... सर, माझ्याही वर्गात होतं असं एक पोर. त्यानेही असंच काहीतरी विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, तास संपत आलाय, नंतर बघू. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, होडी विक. आता अजून दहा वर्षं तरी मी हलत नाही!" आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमच्यामुळे हो. यंदा तर मी अजून बोस्टनमध्येच आहे, मुलं पुढे जाऊच देत नाहीत."

पाई चांगली झाली होती. मी दोन तुकडे खाल्ले, आरोग्याला बरे नसतात तरी. पंचवीस वर्षं घसा कोरडा केला, घोड्यावरचा जनरल झालो, टेबलावर चढून भाषणं केली, एवढ्यासाठीच ना, की समोरच्या एकाला तरी इतिहासाची गोडी लागावी? लागली. आयुष्यात एकदाच लागली. आणि लागली कुणाला, तर ओस्टरगार्ड बाईंना!